गृहिणीची पत आणि तिचे स्वतःचे कार्ड

व्यापारी घरांत ‘पत’ या शब्दाला पैशाहून अधिक मान आहे. भांडवल बुडाले तर ते पुन्हा उभे करता येते; पत बुडाली तर मोंढ्यात दोन पोती मालही उधार मिळत नाही, हे बीड, गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाई येथील जुन्या पेढ्यांवर प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला सांगितले आहे. ही पत कोणत्याही कागदावर लिहिलेली नसे. माणसाचा शब्द, वडिलांचे नाव, वहीतील नोंदींचा चोखपणा आणि अडचणीच्या वर्षीही घेणेकऱ्यासमोर जाऊन उभे राहण्याची तयारी, यांतून ती घडत असे. गेल्या पंचवीस वर्षांत या पतीच्या शेजारी दुसरी एक पत उभी राहिली आहे. ती तीन अंकी आकड्यात मोजली जाते आणि बाजार तिला सरसकट ‘सिबिल’ म्हणतो.

सिबिल ही पतमाहिती जमा करणारी कंपनी २००० साली स्थापन झाली. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या देशात हे काम करतात. त्यांचा आकडा ३०० ते ९०० या दरम्यान असतो. ७५० च्या पुढे असलेल्या ग्राहकाकडे बँका आपण होऊन येतात. ६५० ते ७५० हा मधला पट्टा साधारण किंवा मध्यम समजला जातो. ही सीमारेषा कायद्याने आखलेली नाही. प्रत्येक बँक आपापला निकष ठेवते. तरीही मधल्या पट्ट्यातील अर्जदाराला चांगले कार्ड सहजासहजी मिळत नाही, हा सर्वसाधारण अनुभव आहे.

व्यापारी कुटुंबांत एक चित्र वारंवार दिसते. दुकान चालविणाऱ्या पतीचा आकडा उत्तम असतो आणि घर चालविणाऱ्या पत्नीचा मध्यम, किंवा मुळीच नसतो. तिच्याकडे कार्ड असलेच तर ते कमी मर्यादेचे, वार्षिक शुल्क घेणारे आणि कोण्या प्रतिनिधीच्या आग्रहाखातर कधीतरी घेतलेले असते. ते बदलून तिला अधिक चांगले कार्ड कसे मिळवून द्यावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी घरातील स्त्रीची स्वतंत्र आर्थिक ओळख आहे, आणि ती किरकोळ बाब नाही.

आकडा घसरतो कोठे?

सुभाष रोडवरील एखाद्या कापड दुकानाचे उदाहरण कल्पावे. दुकानासाठी बँकेकडून कर्ज घेताना घरातील स्त्रीचे नाव सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून कागदावर घातले जाते. दुकानाचा गाळा तिच्या नावावर असेल तर तिची सही अपरिहार्यच ठरते. सही करताना तिला रक्कम माहीत असते, हप्त्याची तारीख मात्र माहीत नसते. पुढे पाऊस लांबतो, गिऱ्हाईक थांबते, दोन हप्ते उशिरा भरले जातात. उशिराची ती नोंद पतीच्या अहवालात जाते, तशीच पत्नीच्याही अहवालात जाते. काही वर्षांनी ती स्वतःसाठी कार्डाचा अर्ज करते आणि तो नाकारला जातो. तेव्हा तिच्या तोंडून साहजिकच निघते, “अहो, हप्ता दुकानाचा होता; मग आकडा माझा कसा घसरला?”

या प्रश्नाला कायद्याचे उत्तर सरळ आहे. सहकर्जदार हा कर्जदारच असतो आणि मूळ कर्जदाराने पैसे थकविले की जामीनदाराची जबाबदारीही जागी होते. कुटुंबाचे उत्तर मात्र तितके सरळ नाही. ज्या व्यवहारावर तिचे नियंत्रण नव्हते, त्याची किंमत तिने मोजलेली असते. म्हणून नवे कार्ड शोधण्यापूर्वी पहिले काम म्हणजे तिचा अहवाल मागवून ओळीओळीने वाचणे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक पतमाहिती कंपनीने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. चार कंपन्या असल्याने वर्षभरात चार अहवाल मिळू शकतात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने आकडा कमी होत नाही. ही भीती निराधार आहे.

अहवालात चार गोष्टी शोधाव्यात. पहिली, उशिरा भरलेले हप्ते आणि ते कोणत्या कर्जाचे आहेत. दुसरी, फेडून झालेले पण अजून चालू दिसणारे खाते. तिसरी, ‘तडजोडीने बंद’ असा शेरा. थकबाकीची पूर्ण रक्कम न भरता काही भागावर समझोता केल्यास तो बसतो आणि अनेक वर्षे पाठ सोडत नाही. चौथी, नावाची किंवा पॅन क्रमांकाची गल्लत. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव एका खात्यावर आणि सासरचे नाव दुसऱ्या खात्यावर राहते आणि नोंदी विखुरतात. चूक आढळल्यास पतमाहिती कंपनीकडे किंवा संबंधित बँकेकडे तक्रार करावी. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केली असून ती एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे.

ज्या स्त्रीच्या नावावर आजवर एकही कर्ज किंवा कार्ड नव्हते, तिच्या अहवालात आकड्याच्या जागी ‘एनएच’ किंवा वजा १ अशी खूण दिसते. ही वाईट पत नाही. वही अजून उघडलीच गेलेली नाही, एवढाच तिचा अर्थ.

बाजाराची उधारी आणि कार्डाची उधारी

बीड जिल्ह्याच्या बाजारपेठेची स्वतःची एक लय आहे. कापूस आणि सोयाबीन मोंढ्यात आले की शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो आणि दुकानदाराच्या खातेवहीतील नावे एकेक करून कमी होतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे उचल घेऊन निघण्यापूर्वी खरेदी करतात आणि हंगाम आटोपून परतल्यावर मागील हिशेब भागवितात. सुगी साधली नाही तर दुकानदार उधारी पुढच्या हंगामापर्यंत थांबवितो आणि घाऊक व्यापारीही त्याच्यासाठी थांबतो. या थांबण्यात माणुसकी आहे, तसाच व्यवहारही आहे; कारण सर्वांचे पोट एकाच पावसावर अवलंबून असते.

कार्डाच्या उधारीला ऋतू नाहीत. तिचा हिशेब महिन्याचा आहे. देयकाची तारीख टळली की ते यंत्राने नोंदले जाते, आणि जानेवारी २०२५ मध्ये बँकांवर पतमाहिती किमान दर पंधरा दिवसांनी कळविण्याचे बंधन आले. चांगल्या वर्तनाची नोंद लवकर होते, तशीच चुकीचीही. हंगामी उधारीत वाढलेल्या माणसाला हा फरक समजावून घ्यावा लागतो. ‘पुढच्या महिन्यात एकदमच देऊ’ हे वाक्य मोंढ्यात चालते. कार्डाला ते कळत नाही.

व्याजाचा दरही निराळा आहे. बाजारात शेकडा दोन रुपये दरमहा हा दर महाग समजला जातो. वर्षाला तो २४ टक्के होतो. अनेक कार्डांवर तो शेकडा साडेतीन रुपये दरमहा, म्हणजे वर्षाला ४२ टक्के इतका असतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरविली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. आता तशी वरची मर्यादा नाही, हे ध्यानात ठेवूनच कार्ड हाती घ्यावे.

‘किमान देय रक्कम’ हा शब्दप्रयोग सर्वांत अधिक फसवा आहे. समजा, देयक ४०,००० रुपयांचे आले आणि त्यापैकी किमान देय २,००० रुपयेच भरले. साडेतीन टक्क्यांप्रमाणे एका महिन्याचे व्याज सुमारे १,४०० रुपये होते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे २५२ रुपये. दोन हजारांतील १,६५२ रुपये व्याजात आणि करात गेले. मूळ रकमेतून उणे झाले जेमतेम ३४८ रुपये. शिवाय थकबाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. किराण्याच्या प्रत्येक खरेदीवर त्या दिवसापासूनच व्याज चढू लागते. जो व्यापारी गिऱ्हाइकाला असा हिशेब मांडून दाखवील, त्याच्या दुकानात पुन्हा कोणी येणार नाही. कार्ड मात्र हा हिशेब बारीक अक्षरांत छापून मोकळे होते.

पुरवणी कार्ड की स्वतंत्र कार्ड?

पत्नीला चांगले कार्ड देण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणून पतीच्या खात्यावरील पुरवणी कार्ड सुचविले जाते. पतीचा आकडा उत्तम असल्याने ते लगेच मिळते, सवलतीही त्याच्याच कार्डाच्या मिळतात आणि अनेक बँका त्यासाठी वेगळे शुल्क घेत नाहीत. घरखर्च एका देयकात यावा, एवढाच हेतू असेल तर हा मार्ग चुकीचा नाही.

परंतु त्याच्या मर्यादा स्पष्ट आहेत. पुरवणी कार्डावरील खर्चाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाचीच राहते. त्यामुळे त्या वापरातून पत्नीची स्वतंत्र पत सर्वसाधारणपणे घडत नाही. दहा वर्षे वेळेवर पैसे भरले गेले तरी श्रेय पतीच्या अहवालात जमा होते. आणि मुख्य कार्डधारकाचे निधन झाले तर मुख्य कार्डाबरोबर पुरवणी कार्डही बंद होते. ज्या आठवड्यात घरातील स्त्रीला रुग्णालयाची देणी, प्रवास आणि दुकानाची घडी यांकडे एकटीने पाहावे लागते, नेमक्या त्याच आठवड्यात तिच्या हातातील कार्ड निरुपयोगी ठरते. पुढे दुकान तिने चालवायचे ठरविले, तर बँकेपुढे तिची ओळख कोऱ्या वहीची असते.

जैन व्यापारी परंपरेला स्त्रीजवळच्या पैशाचे मोल ठाऊक नाही, असे मुळीच नाही. जौनपूर येथे १५८६ साली जन्मलेल्या बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, आग्रा येथे ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यात त्याने स्वतःच्या व्यापारातील अपयश मोकळेपणाने सांगितले आहे. आग्र्यात भांडवल संपल्यावर काही महिने एका कचोरीवाल्याने त्याला उधारीवर खाऊ घातले. पुढे तो सासरी खैराबादला गेला, तेव्हा पत्नीने आपल्याजवळ साठविलेले वीस रुपये त्याच्यापुढे ठेवले आणि आईशी बोलून आणखी दोनशे रुपये मिळवून दिले. त्या भांडवलावर तो पुन्हा व्यापारास निघाला. चार शतकांपूर्वीच्या त्या घरात पतीचे बाजारातील नाव खाली आले होते, आणि पत्नीजवळ काही वेगळे राखलेले होते म्हणून घर सावरले. आज ते वेगळे राखणे डब्यातील रुपयांपुरते पुरेसे नाही. त्यात तिच्या नावाची पतही यावयास हवी.

म्हणून दोन्हींचा मेळ घालणे इष्ट. घरखर्चासाठी पुरवणी कार्ड असू द्यावे; त्याच्या जोडीला पत्नीच्या स्वतःच्या नावाचे, लहान मर्यादेचे का होईना, एक स्वतंत्र कार्ड असावे.

ठेवीवरचे कार्ड

आकडा मध्यम असताना, किंवा मुळीच नसताना, स्वतंत्र कार्ड मिळविण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे मुदत ठेवीच्या तारणावरील कार्ड. बँकेत पत्नीच्या नावे ठेव ठेवली जाते आणि तिच्या ठराविक टक्क्यांइतकी मर्यादा कार्डाला मिळते. ठेवीवरचे व्याज चालूच राहते. बँकेला तारण मिळालेले असल्याने उत्पन्नाच्या दाखल्याचा किंवा आकड्याचा आग्रह बहुधा नसतो. वेळेवर भरणा होत राहिला की त्याची नोंद इतर कोणत्याही कार्डाप्रमाणेच पतमाहिती कंपन्यांकडे जाते. ही शिस्त वर्षभर सांभाळली की त्याच बँकेकडे विनातारण कार्डाची मागणी अधिक बळाने करता येते.

ठेव कोठे ठेवावी, याबद्दल बीड जिल्ह्यातील कुटुंबांना वेगळे सांगण्याची गरज पडू नये. २०२३ नंतर येथील काही मल्टिस्टेट पतसंस्थांचे दरवाजे बंद झाले आणि अनेक घरांतील स्त्रियांनी जमविलेली पुंजी त्यांत अडकली. अधिक व्याजाच्या आशेने ठेवलेला तो पैसा मुलींच्या लग्नासाठी, शिक्षणासाठी, म्हातारपणासाठी होता. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थांच्या ठेवींना ते नसते. कार्डाच्या तारणासाठी ठेव ठेवताना ती बँकेत आहे की पतसंस्थेत, हा भेद घरातील प्रत्येकाला कळलेला असावा.

प्राप्तिकराची एक बाब येथेच ध्यानात घ्यावी. पतीने दिलेल्या पैशातून पत्नीच्या नावे ठेव ठेवली तर तिचे व्याज करासाठी पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. माहेरून मिळालेल्या किंवा तिच्या स्वतःच्या कमाईच्या पैशाला हा नियम लागू होत नाही. शिवणकाम, शिकवणी, पापड-लोणच्यांचा घरगुती व्यवसाय यांतून मिळणारे उत्पन्न तिच्या खात्यात जमा होत असेल आणि तिचे विवरणपत्र दरवर्षी भरले जात असेल, तर पुढे विनातारण कार्डाच्या अर्जालाही त्याचा आधार होतो.

अधिक चांगले कार्ड कोणते?

कार्ड विकणारे सवलतींची यादी पुढे करतात. घेणाऱ्याने उलट्या टोकाकडून सुरुवात करावी: गेल्या सहा महिन्यांत घरातील पैसा कोठे खर्च झाला? बीड शहरात राहणाऱ्या गृहिणीचा खर्च प्रामुख्याने किराणा, औषधे, मुलांची शुल्के, वीजदेयक, गॅस, मोबाइल आणि वर्षातून एकदोन यात्रांची तिकिटे यांवर होतो. विमानतळावरील विश्रांतिकक्षाच्या सवलतीसाठी वर्षाला हजारो रुपये शुल्क देणे तिच्या दृष्टीने व्यर्थ आहे, कारण विमान गाठण्यासाठी तिला आधी छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला जावे लागते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. अशा घराला रेल्वे तिकिटांवरील सवलत विमानापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. सर्वप्रथम वार्षिक शुल्क पाहावे. मध्यम आकड्याच्या स्त्रीला मिळणाऱ्या कार्डांत शुल्क नसलेले, किंवा ठराविक खर्चानंतर माफ होणारे कार्ड श्रेयस्कर. शुल्क माफ व्हावे म्हणून गरजेपेक्षा अधिक खर्च करावा लागत असेल, तर ती माफी खरी नव्हे. त्यानंतर व्याजाचा दर, विलंब शुल्क आणि रोख रक्कम काढण्याचे शुल्क पाहावे. कार्डावर रोख काढल्यास बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि व्याजाखेरीज वेगळे शुल्कही बसते. म्हणून हा मार्ग बंदच समजावा. सवलती व परतावा यांचा विचार सर्वांत शेवटी.

रुपे कार्डाचा एक लाभ लहान गावांत विशेष जाणवतो. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडता येते. ज्या दुकानात कार्डाचे यंत्र नाही, तेथेही चौकटीच्या चिन्हावर मोबाइल धरून पैसे देता येतात. शिरूर कासार, वडवणी, पाटोदा यांसारख्या तालुक्यांच्या गावी हीच सोय अधिक कामाची. हे देणे व्यापाऱ्यालाच करता येते. एका व्यक्तीने दुसऱ्याला पैसे पाठविण्यासाठी ही वाट नाही.

पत्नीकडे आधीच एखादे कार्ड असेल तर ते तडकाफडकी बंद करू नये. जुने खाते हे आकड्याच्या दृष्टीने वडिलोपार्जित दुकानासारखे असते. त्याच्या वयाला किंमत असते. त्याच बँकेला शुल्क नसलेल्या प्रकारात कार्ड बदलून देण्याची विनंती करावी. अनेकदा ती मान्य होते. एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज करणे सर्वथा टाळावे. प्रत्येक अर्जाबरोबर बँक अहवाल मागविते, त्या चौकशीची नोंद राहते आणि घाईत असलेला अर्जदार अडचणीत असावा, असा अर्थ लावला जातो. जेथे तिचे बचत खाते अनेक वर्षे आहे, त्या बँकेकडे एकच अर्ज करावा. तो नाकारला गेल्यास कारण विचारावे, काही महिने थांबावे आणि दरम्यान ठेवीवरचे कार्ड वापरावे.

कार्ड आल्यावर

आकडा घडतो तो वापरातून. मर्यादेच्या ३० टक्क्यांपर्यंतच खर्च ठेवावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. मर्यादा ३०,००० रुपये असेल तर देयकात ९,००० रुपयांहून अधिक रक्कम दिसू नये. दिवाळीत किंवा लग्नसराईत खर्च वाढलाच, तर देयक तयार होण्यापूर्वीच काही रक्कम भरून टाकावी. पूर्ण रकमेचा आपोआप भरणा बचत खात्याला जोडून ठेवावा आणि त्या खात्यात तारखेच्या आधी पैसे आहेत, याची खात्री करावी.

व्यापारी घरांना एक पथ्य अधिक कडकपणे पाळावे लागेल. दुकानाचा माल पत्नीच्या कार्डावर घेऊ नये. घाऊक खरेदीने मर्यादा एका दिवसात भरते आणि गिऱ्हाइकाकडून वसुली लांबली की देयक थकते. ज्या कारणाने तिचा आकडा पूर्वी घसरला होता, तेच पुन्हा घडते. आपल्याच दुकानातील यंत्रावर घरचे कार्ड फिरवून रोख रक्कम उभी करण्याची वाट तर कटाक्षाने टाळावी. माल न विकता विक्री दाखविणे हा खोटा व्यवहार आहे. बँकेच्या ध्यानात आल्यास कार्ड आणि यंत्र दोन्ही जाऊ शकतात, आणि हिशेबाच्या वहीत खोटी नोंद शिरते ती वेगळीच. एका आर्थिक वर्षात कार्डांच्या देयकापोटी एकाच व्यक्तीने १० लाख रुपये किंवा अधिक, अथवा रोखीने १ लाख रुपये किंवा अधिक भरल्यास बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळविते. गृहिणीच्या नावावर असे आकडे दिसले की विचारणा होणे स्वाभाविक आहे.

कार्डाला जोडलेला मोबाइल क्रमांक तिचा स्वतःचा असावा. अनेक घरांत पत्नीच्या खात्याचे सर्व संदेश पतीच्या फोनवर येतात. देयक किती आले, केव्हा भरायचे, कोणी पैसे काढण्याचा प्रयत्न केला, यांतील काहीच तिला कळत नाही. कार्ड तिच्या नावाचे आणि माहिती दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती असेल तर ती पत पुन्हा नावापुरतीच राहते. परदेशी व्यवहार, ऑनलाइन खरेदी यांचे पर्याय बँकेच्या अ‍ॅपमधून चालू-बंद करता येतात. ते तिने स्वतः शिकून घ्यावेत. दूरध्वनीवरून कोणी संकेतांक मागितला तर तो बँकेचा माणूस नव्हे, हे घरातील वृद्धांनाही सांगून ठेवावे.

ग्राहकाचे हक्क

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेले कार्डविषयक निर्देश त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झाले. न मागितलेले कार्ड बँकेने पाठवू नये. आलेले कार्ड ३० दिवसांत सुरू केले नाही, तर ते सुरू करण्यासाठी ग्राहकाची संमती घ्यावी. ती न मिळाल्यास कार्ड विनाशुल्क बंद करावे. सर्व देणी भागविलेल्या ग्राहकाने कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे. न झाल्यास बँकेला दर दिवशी ५०० रुपये दंड द्यावा लागतो. देय तारखेनंतर ३ दिवसांहून अधिक उशीर झाल्याखेरीज विलंब शुल्क लावता येत नाही आणि थकबाकीची नोंदही कळविता येत नाही. ही तीन दिवसांची सवलत अडचणीच्या वेळेसाठी आहे. तिला नेहमीची तारीख समजू नये. बँकेकडून ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

वर्षभराचा क्रम

ज्या कुटुंबाला ही सुरुवात करावयाची असेल, त्याने ती पाडव्याला नव्या वह्या घालताना करावी. पहिल्या महिन्यात पत्नीचा अहवाल मागवावा आणि पतिपत्नींनी तो शेजारी बसून वाचावा. चुका असतील तर तक्रार नोंदवावी. दुकानाच्या ज्या कर्जांवर तिची सही आहे, त्यांची यादी, रक्कम आणि हप्त्याची तारीख तिच्या हाताने तिच्या वहीत उतरवावी. फेडून झालेल्या कर्जाचा ‘बाकी नाही’ असा दाखला बँकेकडून घेऊन ठेवावा. दुसऱ्या महिन्यात तिच्या नावे बँकेत ठेव ठेवून कार्ड घ्यावे, किंवा असलेले कार्ड बदलून घ्यावे. त्यानंतर वर्षभर किराणा आणि वीजदेयक एवढाच खर्च त्यावर करावा आणि प्रत्येक महिन्याची रक्कम पूर्ण भरावी. पुढच्या पाडव्याला पुन्हा अहवाल मागवून आकडा पडताळावा.

या काळात दुकानाला हप्ता भरणे जड जाण्याची चिन्हे दिसली, तर ती गोष्ट तिच्यापासून लपवू नये. बँकेशी मुदत वाढवून घेण्याविषयी बोलणे हप्ता चुकण्याआधी सोपे असते, चुकल्यानंतर अवघड. जिची सही त्या कागदावर आहे, तिला ते आधी कळणे हा तिचा अधिकार आहे. आणि पुष्कळ घरांत वेळीच खर्चाला आवर घालण्याचे शहाणपणही तिच्याजवळच असते.